बरणीवरचं नाव

[दृश्य: पहाटेचं ब्राउनश्वाइग. लाकडी चौकटींची जुनी घरं, ओली फरसबंदी.]

आपल्याकडे जुन्या पिढीतल्या आजीला मुलाची जन्मतारीख विचारली, की उत्तर यायचं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा. त्या साली पाऊस थांबतच नव्हता." तारीख नाही, सण लक्षात.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातल्या डोरोथेया गाउस या बाईंचं उत्तरही याच जातीचं होतं. लिहिण्यावाचण्याशी त्यांचा फारसा संबंध आला नव्हता. मुलगा बुधवारी झाला, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस, इतकं त्यांना पक्कं आठवत होतं.

आता हा सण दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. तो ठरतो ईस्टरवरून, आणि ईस्टर ठरतो वसंतातल्या पौर्णिमेवरून. म्हणजे या मुलाला स्वतःची जन्मतारीख हवी असेल, तर आधी चंद्रसूर्याचा हिशोब मांडायला हवा. मोठा झाल्यावर त्यानं तो मांडला. कुठल्याही वर्षाचा ईस्टर साध्या भागाकारांतून काढून देणारं सूत्र त्यानं 1800 साली छापलं. त्यात 1777 हे वर्ष घालून पाहा. ईस्टर येतो 30 मार्चला, स्वर्गारोहण 8 मेला, आणि त्याच्या आठ दिवस आधीचा बुधवार म्हणजे 30 एप्रिल.

गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस. जन्म 30 एप्रिल 1777.

[दृश्य: शाळेची पाटी, खडूचा आवाज.]

वडील गेबहार्ड बागकाम करत, गवंडीकाम करत, मिळेल ते काम करत. घरात पुस्तकी वातावरण नव्हतं. मुलगा सेंट कॅथरिन चर्चच्या शाळेत जायचा, आणि तिथला एक प्रसंग तुम्हीही ऐकलेला असणार. मास्तरांनी वर्गाला गप्प बसवायला 1 ते 100 या आकड्यांची बेरीज करायला सांगितली. इतर मुलं घाम गाळत होती. छोट्या गाउसनं पाटीवर 5050 लिहून ती टेबलावर ठेवली.

गोष्ट छान आहे. पण ती लिहून ठेवली गाउसचा मित्र, भूगर्भशास्त्रज्ञ सार्टोरियस यानं, गाउसच्या मृत्यूनंतर, 1856 साली. त्यात मास्तरांचं नाव आहे, ब्यूटनर. त्यांची छडी आहे. पोरानं पाटी ठेवताना ब्राउनश्वाइगच्या बोलीत काढलेले शब्दही आहेत, "लिगेट से", म्हणजे "ही बघा, ठेवली." नाही ते फक्त 1 ते 100. ते आकडे नंतर सांगणाऱ्यांनी भरले. म्हातारपणी गाउस स्वतः ही गोष्ट रंगवून सांगायचा, तेव्हा काहीतरी घडलं असणारच. पण आपण शाळेत ज्या बेरजेवर टाळ्या वाजवल्या, ती पुढच्यांनी घातलेली भर आहे.

हे ध्यानात ठेवा, कारण या माणसाच्या बाबतीत असं वारंवार होणार आहे. त्यानं न केलेल्या गोष्टींना त्याचं नाव लागेल, आणि त्यानं केलेल्या गोष्टींवर दुसऱ्याची पाटी असेल.

[दृश्य: कंपास आणि पट्टी. कागदावर वर्तुळ उमटतं.]

शाळेत ब्यूटनरच्या हाताखाली बार्टेल्स नावाचा एक मदतनीस होता, गाउसहून जेमतेम आठ वर्षांनी मोठा. दोघं मिळून बीजगणिताची पुस्तकं वाचत. पुढे हाच बार्टेल्स रशियात कझानला प्राध्यापक झाला. तिथल्या त्याच्या एका विद्यार्थ्याचं नाव लोबाचेव्हस्की. हे नावही लक्षात असू द्या.

मुलाची कीर्ती ब्राउनश्वाइगच्या राजापर्यंत पोचली. ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांड यानं त्याच्या शिक्षणाचा भार उचलला, आणि गाउस 1795 साली ग्योटिंगेन विद्यापीठात दाखल झाला. गणित करायचं की प्राचीन भाषा, हे अजून ठरलेलं नव्हतं.

ते ठरलं 29 मार्च 1796 रोजी, सकाळी, अंथरुणातून उठण्यापूर्वी. प्रश्न ग्रीकांच्या काळापासूनचा होता. फक्त पट्टी आणि कंपास वापरून सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेले कोणकोणते बहुकोन काढता येतात? त्रिकोण येतो, पंचकोन येतो, त्यांच्यापासून पंधरा बाजूंचाही येतो. त्यापुढे दोन हजार वर्षं गाडी अडली होती. अजून एकोणीस वर्षंही पूर्ण न झालेल्या गाउसनं दाखवलं की सतरा बाजूंचा बहुकोन काढता येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, का काढता येतो हे दाखवलं. भूमितीचा हा प्रश्न मुळात पूर्ण संख्यांच्या स्वभावाचा आहे, हे त्यानं ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक छोटी वही सुरू केली. एकोणीस पानं, लॅटिनमध्ये त्रोटक टिपणं, 1814 सालापर्यंत एकूण 146 नोंदी. 10 जुलै 1796 च्या नोंदीत आर्किमिडीजसारखं ग्रीक अक्षरांत "युरेका" आहे, आणि पुढे तीन त्रिकोणांची बेरीज. म्हणजे, कुठलीही पूर्ण संख्या जास्तीत जास्त तीन त्रिकोणी संख्यांच्या, 1, 3, 6, 10 अशा त्रिकोणात मांडता येणाऱ्या संख्यांच्या, बेरजेनं मिळते. आनंद आहे, पुरावा नाही. काही नोंदी तर त्याच्याशिवाय कुणालाच नीट उलगडू नयेत अशा.

ही वही गाउसच्या नातवाकडे पडून होती. ती अभ्यासकांच्या हाती आली 1898 साली.

[दृश्य: रात्रीचं आकाश. एक ठिपका सरकतो आणि सूर्याच्या उजेडात हरवतो.]

1801. अंकगणितावरचा त्याचा मोठा ग्रंथ याच वर्षी आला. गणितज्ञांना त्यानं जिंकलं. सामान्य युरोपाला जिंकलं ते आकाशातल्या एका हरवलेल्या ठिपक्यानं.

1 जानेवारी 1801 च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये ज्युझेप्पे पियाझ्झीला एक नवा, फिकट, सरकणारा तारा दिसला. पुढचे 41 दिवस त्यानं तो अधूनमधून टिपला, आणि मग तो सूर्याच्या प्रकाशात दिसेनासा झाला. तो तारा नव्हता, सूर्याभोवती फिरणारा इवला ग्रह होता. सेरेस असं त्याचं नाव ठेवलं गेलं. प्रश्न हा की काही महिन्यांनी सूर्याच्या पलीकडून तो बाहेर पडेल, तेव्हा दुर्बीण रोखायची कुठे? हाती होता कक्षेचा इवलासा तुकडा. चाक कधी न पाहिलेल्या माणसाला आऱ्याचा तुकडा देऊन गाडी कुठे पोचेल विचारावं, तसं.

गाउसनं गणित केलं, आणि इतरांपेक्षा बरीच वेगळी जागा सांगितली. डिसेंबरात फॉन झाख या खगोलनिरीक्षकाला आणि मग 1 जानेवारी 1802 ला ओल्बर्स या दुसऱ्या निरीक्षकाला, सेरेस जवळजवळ तिथेच सापडला.

मोजमापांमध्ये चुका असतातच. त्या चुका धरून सर्वांत विश्वासार्ह उत्तर कसं काढायचं, याची त्याची रीत म्हणजे लघुत्तम वर्गांची पद्धत. आजही सगळीकडे वापरतात. पण ती आधी छापली फ्रान्सच्या लेजांद्रनं, 1805 साली. चार वर्षांनी गाउसनं आपल्या पुस्तकात लिहिलं की हे "आमचं तत्त्व" आपण 1795 पासूनच वापरतो आहोत. लेजांद्र भडकला. भडकणारच. एकानं दुकान उघडावं आणि शेजाऱ्यानं येऊन सांगावं, हा माल माझ्या माळ्यावर दहा वर्षं पडून आहे.

गाउस खरंच सांगत होता, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. माल माळ्यावर होताच. पण ठेवला कुणी?

[दृश्य: मेणाची मोहर. झाड, मोजकी फळं.]

त्याच्या मोहरेवर एक झाड होतं, फांद्यांवर मोजकीच फळं, आणि लॅटिन वाक्य, "पाउका सेद मातुरा". थोडी, पण पिकलेली. कैरी बाजारात न्यायचीच नाही, हा त्याचा बाणा. इमारत पूर्ण झाल्यावर परांच्या दिसता कामा नयेत, असं तो मानायचा. म्हणून त्याचे लेख वाचताना, हे याला सुचलं कसं, ते कळत नाही.

बाणा म्हणून हे देखणं आहे. त्याची किंमत इतरांनी मोजली.

फार्कश बोयाई हा गाउसचा विद्यार्थिदशेतला हंगेरियन मित्र. त्याचा मुलगा यानोश सैन्यात अधिकारी होता. रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते, हे प्राचीन ग्रीक युक्लिडचं गृहीतक नाकारूनही एक पूर्ण, सुसंगत भूमिती उभी राहते, हे यानोशनं शोधून काढलं. बापानं अभिमानानं ते 1832 साली गाउसला पाठवलं. गाउसचं उत्तर आलं. याची स्तुती करणं म्हणजे माझीच स्तुती करणं होईल, कारण यातलं जवळजवळ सगळं गेली तीस-पस्तीस वर्षं मी मनाशी घोळवत आलो आहे.

त्याच पत्रात कौतुकही आहे. दुसऱ्या एका मित्राला गाउसनं लिहिलं की हा तरुण पहिल्या प्रतीचा प्रतिभावंत आहे. पण हे जाहीरपणे, छापून, कधीच नाही. त्याचं एक जाहीर वाक्य यानोशचं आयुष्य बदलू शकलं असतं. यानोश मनानं मोडला. हजारो पानांची हस्तलिखितं मागे ठेवून तो गेला, आयुष्यात छापून आलं ते वडिलांच्या पुस्तकाला जोडलेलं तेवढं परिशिष्ट.

या भूमितीला आज बोयाई आणि लोबाचेव्हस्की यांची नावं आहेत. होय, कझानच्या बार्टेल्सचा तोच विद्यार्थी. साठी उलटल्यावर गाउस रशियन शिकला, त्याचं लेखन त्या भाषेत वाचलं, आणि 1842 साली ग्योटिंगेनच्या विज्ञानसभेत त्याला सभासद करून घेतलं. यानोशच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

[दृश्य: रिकामा पाळणा. खिडकीबाहेर बर्फ.]

या माणसाला कोरडा म्हणायच्या आधी 1809 हे साल पाहू.

तीन वर्षांपूर्वी त्याचा आश्रयदाता ड्यूक नेपोलियनविरुद्धच्या लढाईत डोळ्यांना गोळी लागून गेला होता. 1807 साली ग्योटिंगेनच्या वेधशाळेचं संचालकपद मिळालं, संसार स्थिर झाला. पत्नी योहाना, थोरला मुलगा योसेफ, ज्याला नाव दिलं होतं सेरेसवाल्या पियाझ्झीचं, आणि मुलगी मिना. सप्टेंबर 1809 मध्ये तिसरं मूल झालं, आणि महिन्याभरात, 11 ऑक्टोबरला, योहाना गेली. पाच महिन्यांनी ते बाळही. 1810 सालीच त्यानं योहानाची मैत्रीण मिना वाल्डेक हिच्याशी लग्न केलं. तीही दीर्घ आजारानं 1831 साली गेली. दोन मुलं बापाशी बिनसून किंवा नशीब काढायला अमेरिकेला निघून गेली, मिसुरीत स्थायिक झाली.

सोबत राहिली ती आई. डोरोथेया शेवटची 22 वर्षं मुलाजवळ वेधशाळेत राहिल्या. अखेरची चार वर्षं त्यांना दिसत नव्हतं. 1839 साली नव्वदी केव्हाच उलटून त्या गेल्या.

आणि सोफी जर्मेन. पॅरिसची ही गणिती बाई पुरुषाच्या नावानं, "मस्य लब्लां" म्हणून, गाउसशी पत्रव्यवहार करायची. फ्रेंच फौजा ब्राउनश्वाइगमध्ये शिरल्या तेव्हा तिनं ओळखीच्या सेनाधिकाऱ्याला गाउसची काळजी घ्यायला सांगितलं, आणि त्यातून तिचं खरं नाव उघड झालं. 1807 साली गाउसनं तिला लिहिलेलं पत्र आजही वाचण्यासारखं आहे. आपल्या रूढींनी स्त्रियांच्या वाटेत किती काटे पेरले आहेत आणि ते ओलांडून तिनं काय मिळवलं, हे त्यानं मोकळ्या मनानं लिहिलं. बोयाईला न मिळालेली दाद इथे सढळ हातानं दिली होती. मात्र पुन्हा, खासगी पत्रातच.

[दृश्य: डोंगरमाथा. दूर क्षितिजावर आरशाची तिरीप चमकते.]

चाळिशीनंतरची बरीच वर्षं हा "गणितज्ञांचा राजा" चिखल तुडवत फिरला. हानोव्हर राज्याची मोजणी त्याच्याकडे होती. ल्युनेबुर्गला उभा असताना दूर हाम्बुर्गच्या चर्चच्या खिडकीवरून परावर्तित झालेला सूर्य त्याच्या डोळ्यांत चमकला, आणि त्यातून त्यानं हेलिओट्रोप बनवलं. आरशानं सूर्यकिरण नेमके लांबच्या डोंगरावरच्या निरीक्षकाकडे फेकणारं उपकरण. काही वर्षांत ते हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही वापरलं गेलं, जॉर्ज एव्हरेस्टच्या हाताखाली.

दिवसा मोजणी, रात्री आकडेमोड. याच धुळीतून वक्र पृष्ठभागांवरचं 1827 सालचं त्याचं काम आलं. पृष्ठभागावरच राहणाऱ्या मुंगीलाही, बाहेर न पडता, नुसती अंतरं मोजून तो किती वक्र आहे हे कळू शकतं. ही कल्पना त्याचा विद्यार्थी रीमान यानं 1854 च्या व्याख्यानात कुठल्या कुठे नेली. व्याख्यानाचा विषय तीन पर्यायांतून गाउसनंच निवडला होता. म्हातारा समोर बसून ऐकत होता. साठ वर्षांनी आइनस्टाइनला गुरुत्वाकर्षणासाठी लागलेली भूमिती ती हीच.

[दृश्य: दोन मनोऱ्यांमधून गेलेली तार.]

1831 साली ग्योटिंगेनला विल्हेल्म वेबर नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ आला, आणि एकट्यानं काम करणाऱ्या गाउसला जोडीदार मिळाला. 1833 साली दोघांनी वेधशाळेपासून वेबरच्या प्रयोगशाळेपर्यंत, शहराच्या छपरांवरून, चर्चच्या मनोऱ्यावरून, सुमारे एक किलोमीटर तार ओढली. सुई डावीकडे किंवा उजवीकडे हलायची, त्यावरून अक्षरं. हा चालता विद्युत टेलिग्राफ होता. त्याचा धंदा दुसऱ्यांनी केला, नाव मोर्सचं झालं.

मग 1837. नव्या राजानं हानोव्हरची राज्यघटना मोडीत काढली. सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला, सातही जणांना काढून टाकलं. त्यात लोककथावाले ग्रिम बंधू होते, वेबर होता, आणि गाउसचा जावई एवाल्डही. गाउस साठ वर्षांचा होता, युरोपभर नाव असलेला. तो जाहीरपणे काही बोलला नाही. वय, घरी म्हातारी आई, स्वभाव, कारणं देता येतात. मला ती पुरेशी वाटत नाहीत.

[दृश्य: जुना जगाचा नकाशा. ग्योटिंगेनहून ठिपके पेटत जातात.]

वेबरबरोबरचं सर्वांत मोठं काम मात्र टिकलं. त्याआधी चुंबकाची ताकद सांगायची तर, "माझ्या या सुईच्या मानानं इतकी," असं सांगावं लागे. सुई गंजली की मोजमाप गेलं. 1832 साली गाउसनं दाखवलं की ती ताकद लांबी, वस्तुमान आणि वेळ यांच्या परिमाणांत सांगता येते. म्हणजे कुणीही, कुठेही, तेच उत्तर काढू शकतो.

आणि मग फळ पिकेपर्यंत थांबणाऱ्या या माणसानं जगाला हाक दिली. चुंबकीय संघ. ठरलेल्या दिवशी, ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, दर पाच मिनिटांनी, सगळ्यांनी एकाच क्षणी सुई वाचायची. आकडे एकत्र आले, आणि 1839 साली गाउसनं 24 सहगुणक काढून पृथ्वीच्या चुंबकत्वाचं पूर्ण सूत्र मांडलं. हे चुंबकत्व जवळजवळ सगळं पृथ्वीच्या पोटातूनच येतं, हेही त्यातून निघालं. तुमच्या मोबाइलमधला कंपास खरी उत्तर दिशा दाखवायला जे प्रतिमान वापरतो, ते आजही याच पद्धतीनं बनतं.

[दृश्य: वेधशाळेतली खुर्ची. पडद्याआडून सकाळ.]

23 फेब्रुवारी 1855 च्या पहाटे गाउस झोपेतच गेला. 77 वर्षांचा होता.

ज्या सतरा बाजूंच्या बहुकोनानं त्याचं आयुष्य ठरवलं, तो थडग्यावर कोरावा अशी त्याची इच्छा होती म्हणतात. आणि गवंडी म्हणाला म्हणे, साहेब, तो वर्तुळच दिसेल. थडग्यावर तो नाही. ब्राउनश्वाइगच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर सतरा टोकांची चांदणी मात्र आहे.

1991 साली तो दहा मार्कांच्या नोटेवर आला. शेजारी घंटेच्या आकाराचा वक्र, ज्याला सगळं जग गाउसचा वक्र म्हणतं. तो आधी मांडला होता द म्वाव्हर यानं, 1733 साली. समीकरणं सोडवायची जी रीत महाविद्यालयात गाउसच्या नावानं शिकवतात, ती प्राचीन चिनी ग्रंथात आहे. उलट, आज ध्वनी आणि चित्रं संगणकात हाताळायला जी जलद फूरिए पद्धत लागते, ती 1965 साली कूली आणि ट्युकी यांच्या नावानं प्रसिद्ध झाली. गाउसच्या कागदांत ती 1805 च्या सुमाराची आहे, लघुग्रहांच्या कक्षांसाठी केलेली.

आणि मेंदू. मृत्यूनंतर शरीरशास्त्रज्ञ रुडॉल्फ वाग्नर यानं तो जतन केला, 1492 ग्रॅम. ग्योटिंगेनच्या संग्रहात तो बरणीत राहिला. प्रतिभेची खूण दिसते का म्हणून पुढे त्याची यंत्रानं चित्रंही घेतली. 2013 साली रेनाटे श्वाइत्सर या संशोधिकेनं ती चित्रं वाग्नरच्या जुन्या रेखाटनांशी ताडून पाहिली. जुळेनात. तो मेंदू त्याच वर्षी वारलेल्या फुक्स नावाच्या डॉक्टरांचा होता. दीडशे वर्षांमागे केव्हातरी बरण्यांवरची नावं अदलाबदल झाली होती. गाउसचा मेंदू दुसऱ्या बरणीत होता. त्यात वेगळं असं काही सापडलेलं नाही.

[दृश्य: समुद्र, लाँच. अलिबागचा किनारा.]

शेवटचा मुक्काम आपल्याकडचा.

ग्योटिंगेनहून निघालेली ती हाक मुंबईपर्यंत आली होती. त्या जगभरच्या मोहिमेत ईस्ट इंडिया कंपनी सामील झाली, आणि 1841 साली कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर 1859 च्या आरंभी सूर्यावरून आलेलं आजवरचं एक सर्वांत मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्यात त्या दिवशी डोळ्यांनी वाचून, हातानं लिहिलेल्या नोंदी आहेत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण. नॅनोटेस्ला हे त्या क्षेत्राची ताकद मोजायचं एकक. त्या वादळाचा अभ्यास करणारे जगातले शास्त्रज्ञ आजही त्याच पानांकडे येतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिघडणार हे दिसत होतं. संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे साखळी तुटू नये. गंमत अशी की अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यालाच गेली.

तिथली मोजणी आजही चालू आहे. नोंदींवर एकक लिहिलेलं असतं नॅनोटेस्ला. गाउस या नावाचंही एक एकक आहे, दहा हजार गाउसचा एक टेस्ला. अलिबागच्या नोंदींत ते येत नाही.

[दृश्य: अलिबाग. नारळांच्या सावलीतली दगडी इमारत. लाटांचा आवाज, मग अंधार.]